पदरावर घातलेला हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, आणि सुरुवातीलाच हात जोडून सांगतो, माझे कौतुक करू नका. कौतुक मी पोटभर ऐकले आहे. ज्या दिवशी ते सर्वांत जास्त झाले, त्याच दिवशी माझ्यामुळे एक बाई सगळ्यांसमोर खाली मान घालून बसली होती. ते आठवले की कुठे तोंड लपवू असे मला आजही होते.

आधी माझी ओळख करून देतो. मला दोन वाट्या आहेत आणि त्या पाठीमागून पूर्ण बंद आहेत. वाटीच्या कडेला मऊ चामड्याची गादी आहे. ही गादी कानाभोवती नीट टेकली, की आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. माझी सगळी ऐट त्या गादीवर उभी आहे. गादी आणि कातडी यांच्यामध्ये थोडी जरी फट राहिली, तरी आवाजातला जाड भाग निघून जातो. ढोलकीचा घुमारा जातो, पेटीचे खालचे सूर जातात. मागे उरते ती नुसती चिरचिर.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे प्रत्येक हेडफोन एका लाकडी डोक्यावर चढवून तपासत. त्या डोक्याला केस नव्हते, अंबाडा नव्हता, चष्मा नव्हता. गुळगुळीत गोटा तो! त्याच्यावर मी असा फिट्ट बसलो, की तपासणाऱ्या बाईंनी एकदा मान हलवली आणि मला मखमलीच्या खोक्यात ठेवून दिले. मला वाटले, झाली परीक्षा, पास झालो. जगातली सगळी डोकी अशीच असतात, असे मी धरून चाललो.

तिथून मी आखातात एका दुकानात पोचलो आणि दुकानातून खंडेराव नावाच्या नाशिककर गृहस्थांच्या सामानात. खंडेराव तिकडे नोकरीला होते. त्यांचा धाकटा भाऊ गोरक्ष नाशिकमध्ये भद्रकालीच्या एका गल्लीत, माडीवर, गाण्यांच्या कॅसेट भरून देई. ऐंशी साल नुकतेच उलटले होते. घरोघरी टेपरेकॉर्डर येऊ लागले होते आणि ज्याच्या गळ्यात थोडा सूर होता त्याला आपली कॅसेट निघावी असे वाटत होते. गोरक्षभाऊंच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकलेल्या होत्या, कारण आवाज घुमू नये. एका कोपऱ्यात काचेची छोटी खिडकी, खिडकीमागे स्पूलची दोन मशिने, आणि मशिनांवर गोरक्षभाऊंच्या आईने विणलेली क्रोशाची झाकणे.

मी आलो तेव्हा तिथे आधीपासून एक हेडफोन होता. दिल्लीचा. हलका, पातळ पट्टीचा, कानावर स्पंजच्या दोन चकत्या. मी त्याला मनातल्या मनात स्पंजवाला म्हणत असे, आणि हे प्रेमाने म्हणत नसे.

गोरक्षभाऊंनी पहिल्याच दिवशी आमची दोघांची परीक्षा घेतली. त्यांचे ढोलकीवाले मित्र झुंबर हजर होते. एकच गाणे, एकदा मी, एकदा तो, असे दोघांनी आळीपाळीने ऐकले.

“भाऊ, ह्यात ढोलकी मांडीवर घेतल्यावानी वाजती!” झुंबर मला कानावर दाबून ओरडले. कानात आवाज असला की माणूस उगीचच ओरडतो.

“आणि त्या जुन्यात?”

“त्याच्यात ढोलकी शेजारच्या घरात वाजतीय.”

मी फुगलो. माझे दोषही निघाले, नाही असे नाही. मी जड होतो. थोड्याच वेळात मान भरून यायची आणि उन्हाळ्यात गादीखाली कान घामाने चिंब व्हायचे. स्पंजवाला मात्र डोक्यावर आहे की नाही ते कळायचेसुद्धा नाही. पण त्याच्यातून आवाज बाहेर सांडायचा आणि समोरचा माइक तो लगेच टिपायचा. गायकाच्या आवाजामागे पेटीचे भूत ऐकू यायचे. गोरक्षभाऊंचे कामच असे होते, की आधी वाद्ये भरायची आणि मग गायकाने ती कानात ऐकत एकट्याने गायचे. म्हणून माझी निवड झाली. स्पंजवाला खिळ्याला टांगला गेला आणि मी मशिनाशेजारी गादीवर बसलो.

“परदेशी माल आहे,” गोरक्षभाऊ आल्यागेल्याला सांगत. “ह्याच्यात ऐकू आलं नाही तर समजा कानच गेले.”

हे वाक्य ते हसत हसत म्हणायचे. मलाही ते फार आवडायचे. पुढे हेच वाक्य मला टोचू लागले.

एका वर्षी, थंडी संपता संपता, मल्हारीबाबांची गायन पार्टी आमच्याकडे आली. मल्हारीबाबा मूळचे इगतपुरीकडचे. रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले आणि नाशिकला एका कॉलनीत मुलाजवळ राहायला आले. कॉलनीतल्या बुद्धविहारात त्यांची पार्टी भीमगीते गायची. मुलगा निवृत्ती सातपूरच्या कारखान्यात कामाला होता आणि पेटी वाजवायचा. गाणारी होती त्यांची सून, सुमनबाई. एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी पार्टीची पहिली कॅसेट निघावी, असे सगळ्यांनी ठरवले होते. तिच्यातले मुख्य गाणे सुमनबाईंचे होते. ते मल्हारीबाबांनी स्वतः रचले होते.

आधी सगळ्यांनी मिळून ते गाणे एकदा म्हणून दाखवले. तेव्हा मी गोरक्षभाऊंच्या कानावर होतो, म्हणून सांगतो. मित्रांनो, तो आवाज माझ्यातून गेला आहे. उंच नव्हता, नाजूकही नव्हता. थोडा भरड, पण सुराला असा धरून, की गोरक्षभाऊंनी बटणावरचा हात काढून घेतला आणि नुसते ऐकत बसले. गाणे संपल्यावर मल्हारीबाबा आपले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सुनेचे तोंडावर कौतुक करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

मग वाद्ये भरून झाली आणि सुमनबाईंना एकटीला माइकसमोर उभे केले. बाकीची मंडळी भिंतीला टेकून बसली. मल्हारीबाबा मध्ये, स्टुलावर.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. सुमनबाई त्या दिवसासाठी खास कडक इस्त्रीची सुती साडी नेसल्या होत्या आणि सासरे समोर बसलेले म्हणून त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतलेला होता. कान पदराखाली. गोरक्षभाऊ सभ्य माणूस. परक्या बाईच्या डोक्याला हात कसा लावायचा, म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी अदबीने पुढे केले, “वहिनी, हे कानावर घ्या,” असे म्हटले आणि पाठ फिरवून ते काचेमागे निघून गेले. सुमनबाईंनी मला घेतले आणि पदरावरूनच डोक्यावर घातले. त्यांनी तरी दुसरे काय करायचे होते? भरल्या बैठकीत, सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर काढायचा?

माझ्या गादीखाली कातडी नव्हती. कापडाच्या घड्या होत्या, इस्त्रीने ताठ झालेल्या. दोन्ही बाजूंनी फटी पडल्या होत्या. गाणे सुरू झाले आणि माझ्यातला सगळा जीव त्या फटींमधून बाहेर पळाला. ढोलकी गेली. पेटीचा आधारसूर गेला. सुमनबाईंच्या कानी पोचली ती टाळांची चिरचिर आणि पेटीचा वरचा पातळ आवाज. कशाला धरून गायचे तेच त्यांना कळेना. पहिल्या ओळीला सूर उतरला. दुसऱ्या ओळीला आणखी उतरला.

“परत घेऊ,” काचेमागून गोरक्षभाऊ म्हणाले. “वहिनी, आवाज येतोय ना?”

सुमनबाईंनी मान हलवली. आवाज येत होता, हे खोटे नव्हते. कसा येतोय, ते कुणी विचारले नाही. ज्याची तारीफ आल्यापासून ऐकली त्या परदेशी वस्तूतून नीट ऐकू येत नाही, हे सांगायचे कसे?

पुन्हा घेतले. पुन्हा तेच झाले. गोरक्षभाऊंना वाटले आवाज कमी पडतोय, म्हणून त्यांनी तो वाढवला. मी किंचाळू लागलो. सुमनबाईंच्या कपाळाला घाम आला. मला त्यांच्या कानशिलाची धडधड कापडावरून जाणवत होती आणि मी काही करू शकत नव्हतो. खिळ्यावरचा स्पंजवाला समोरच लटकत होता. तो पदरावर बसला असता तरी त्याचे फारसे काही बिघडले नसते, कारण त्याला फटींची सवयच होती. शरमेने मला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी मल्हारीबाबा स्टुलावरून उठले.

“काय गं, पेटी एकीकडं न् तू एकीकडं! घरात लय गाती, न् हितं मशिनसमोर पितळ उघडं पडलं. चार माणसांत माझं नाक कापलं तू!”

निवृत्ती काहीतरी बोलायला गेला, पण वडिलांपुढे त्याचा आवाज फुटला नाही. सुमनबाईंनी मला उतरवले, पदर सारखा केला आणि त्या भिंतीशी जाऊन खाली मान घालून बसल्या. आणि तेवढ्यात पार्टीतले कुणीतरी म्हणाले, “हेडफोन मात्र झकास हाय हां. बाहेर टाचणीएवढा आवाज आला नाय.”

मित्रांनो, बाहेर आवाज येतच होता. पण सगळ्यांचे कान सुमनबाईंच्या उतरलेल्या सुराकडे लागले होते, ऐकणार कोण?

दोन दिवसांनी सातपूरहून अक्काबाई नावाच्या गायिकेला बोलावले. तिच्याबरोबर वडीलधारे कुणी नव्हते. तिने पदर कमरेला खोचला, मला केसांवर घट्ट बसवले आणि एका दमात गाणे म्हटले. चांगले म्हटले, तिचा काही दोष नाही. पण त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली, की हेडफोन तोच, गाणे तेच, म्हणजे खोट सुमनबाईंतच. कॅसेट जयंतीच्या आधी निघाली. कॉलनीत, कर्ण्यावर, रिक्षात वाजली. सुमनबाईंसाठी रचलेले गाणे दुसऱ्या आवाजात गल्लीगल्लीत फिरले.

पुढे पावसाळ्यात निवृत्ती एकदा आमच्याकडे आला होता. चहा पिता पिता तो गोरक्षभाऊंना म्हणाला, “घरात गुणगुणतसुद्धा नाही ती आता. विहारात गायला बसली नाही त्या दिवसापासून. म्हणते, माझे कान गेलेत. तिच्या आईला ऐकू येत नव्हतं म्हातारपणी, तेच मनात धरून बसलीय. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर नको म्हणते.”

गोरक्षभाऊ “अरेरे” म्हणाले. मी गादीवर बसून ऐकत होतो. सगळे ऐकायचे आणि सांगता काहीच यायचे नाही, हा माझा जन्म!

त्या वर्षी नाशिकला थंडी कडाक्याची पडली. एके सकाळी गोरक्षभाऊ मफलर कानाला गुंडाळून कामाला बसले आणि मफलरवरूनच त्यांनी मला चढवले. मशीन सुरू झाले. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी वायर हलवली, बटणे फिरवली, मशिनाचे झाकण उघडले.

“झुंबर, हे बघ रे, हेडफोन गेला वाटतं. नुसता पत्रा वाजतोय.”

झुंबरनी मला आपल्या कानावर घेतले. “कुठं गेलाय? चांगला तर वाजतोय.”

गोरक्षभाऊंनी मला परत घेतले, तर पुन्हा पत्रा. त्यांनी वैतागून मफलर ओढून काढला आणि ढोलकी घुमली. त्यांनी मफलर पुन्हा गुंडाळला, ढोलकी गेली. त्यांनी मशीन बंद केले आणि मफलर सोडून हातात घेतला.

“झुंबर,” ते म्हणाले, “निवृत्तीच्या बायकोनं हा पदरावरून घातला होता का रे?”

झुंबर आठवून म्हणाले, “घातला असंल की. पदर तर डोईवरच होता. तुम्ही पाठ करून निघून गेलते.”

“बाईमाणूस, डोक्याला हात कसा लावायचा म्हणून गेलो मी.”

“हात नका लावू, भाऊ. पण तोंडानं सांगता आलं असतं.”

गोरक्षभाऊंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. मी त्यांच्या डोक्यावरच होतो. आम्हा दोघांची मान एकदमच खाली गेली.

त्याच दिवशी त्यांनी मला खोक्यात घातले, एक टेपरेकॉर्डर आणि नुसत्या वाद्यांची कॅसेट पिशवीत टाकली आणि झुंबरना घेऊन ते कॉलनीत गेले. निवृत्ती पाळीवरून नुकताच आला होता. मल्हारीबाबा ओट्यावर उन्हाला बसले होते. थंडीमुळे फेटा कानांवरून घट्ट बांधलेला. गोरक्षभाऊंनी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. लाज वाटत होती, म्हणून भराभर सांगितले.

मल्हारीबाबांना ते पटले नाही. “कापडानं काय व्हतंय? पदराआडून का ऐकू येत नाय माणसाला? जयंती सरली, कॅसेट निघाली. आता ते उकरून काय मिळायचं?”

सुमनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला खोक्यातून निघताना पाहून त्या मागे सरकल्या.

“मला नको ते, भाऊ. माझे कान गेलेत. उगीच तुमचा वेळ कशाला?”

“वहिनी, एकदाच,” गोरक्षभाऊ म्हणाले. “पदर काढू नका. आधी हा केसांवर बसवा, कान मोकळे ठेवून. मग ह्याच्यावरून पदर घ्या. गाऊ नका, नुसतं ऐका. नाही नीट वाटलं तर मी परत दारात येणार नाही.”

सुमनबाईंनी निवृत्तीकडे पाहिले. तो हळूच “घे ना” म्हणाला. त्या आत वळल्या, भिंतीकडे तोंड करून त्यांनी मला केसांवर बसवले, कानांवर ओढले आणि वरून पदर घेतला. पहिल्यांदाच माझी गादी त्यांच्या कानांना लागली. इतका साधा उपाय होता, मित्रांनो. पदर माझ्या खाली घेण्याऐवजी माझ्या वर घ्यायचा!

निवृत्तीने बटण दाबले. ढोलकी सुरू झाली, घुमारा धरून. पेटीचा खालचा सूर आला आणि सुमनबाईंच्या खांद्यांतला ताठपणा गेला. सुरुवातीचे वादन झाले, गाण्याची जागा आली, आणि त्या गाऊ लागल्या. आपण गातोय हे त्यांना कळलेच नाही. कानात वाद्ये भरलेली, डोळे मिटलेले, तोंड भिंतीकडे. मी मात्र ऐकत होतो. तोच भरड आवाज, रेघभरही इकडेतिकडे नाही. तो घरभर झाला, ओट्यावर गेला, शेजारच्या बाया धुणे टाकून दाराशी आल्या. अख्खे गाणे झाले. त्यांनी वळून पाहिले तेव्हा दारात गर्दी होती आणि निवृत्ती बाहीने डोळे पुसत होता.

“मी मोठ्यानं म्हटलं का?” त्या घाबरून म्हणाल्या.

मल्हारीबाबा ओट्यावरून उठून आत आले. त्यांनी हात पुढे केला. “आण इकडं. मला बघू दे.”

त्यांनी मला फेट्यावरूनच डोक्यावर दाबले. निवृत्तीने कॅसेट पुन्हा लावली. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “ढोलकी कुठं हाय?”

“बाबा,” गोरक्षभाऊ चाचरत म्हणाले, “फेटा काढावा लागेल.”

सुनेसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मल्हारीबाबांना उघड्या डोक्याने कुणी कधी पाहिले नव्हते. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिले. मग फेट्याचे टोक सोडले आणि सावकाश एकेक पीळ उलगडत सगळा फेटा काढून निवृत्तीच्या हातात दिला. पांढरे विरळ केस, डोक्याला थंडीने शहारा आलेला. मी त्या डोक्यावर बसलो. त्यांनी गाण्याची वाद्ये अथपासून इतिपर्यंत ऐकली. मला वाटते, त्यांच्याइतके मन लावून मला कुणीच ऐकले नसेल.

मला उतरवून ते म्हणाले, “त्या दिवशी हिला आधीचं ऐकू येत व्हतं? ते, फेट्यावरनं आलं तसं?”

“हो, बाबा.”

ते सुनेपुढे उभे राहिले.

“सुमन, चार माणसांत बोललो व्हतो तुला. आता चार माणसांतच सांगतो. तुझं काय चुकलं नव्हतं. माझं चुकलं.”

सुमनबाईंनी निवृत्तीच्या हातातला फेटा घेतला आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरला. “मामा, आधी हा बांधा. गारठा आहे.” एवढेच त्या बोलल्या आणि आत जाऊन खूप वेळ रडल्या. ते रडणे आनंदाचे की दुःखाचे, ते मला सांगता येणार नाही. इतके महिने आपले कान गेले असे समजून जगलेल्या बाईचे ते रडणे होते.

पुढच्या जयंतीला विहारात त्या गायल्या. पण गोरक्षभाऊंनी दोनदा बोलावूनही त्या माइकसमोर पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचे गाणे आजही त्या कॅसेटवर अक्काबाईंच्याच आवाजात आहे. ते आता बदलता येत नाही. गोरक्षभाऊ मात्र तेव्हापासून कुणालाही गायला उभे केले, की आधी काचेमागून बाहेर येऊन समोर बसत आणि विचारत, “काय काय ऐकू येतंय, ते मला सांगा बरं.”

आता माझे चामडे तडकले आहे आणि उजवी वाटी मुकी झाली आहे. मला पुसा, खोक्यात ठेवा, तार पिळू नका, हे तर मी सांगेनच. पण मित्रांनो, माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणाला एखादी गोष्ट जमत नसेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याला नीट ऐकू येते का, नीट दिसते का, ते विचारा. आणि त्याने नुसती मान हलवली, तर तेवढ्यावर उठू नका. सुमनबाईंनीही मान हलवली होती.